चहा केंत, माणूस नव्हे

गरम वस्तूला पोर्तुगीजमध्ये 'केंत' म्हणतात. स्पेलिंगमध्ये क्यूनंतर यू दिसतो, म्हणून नवशिके 'क्वेंते' म्हणतात. पण तो यू मुका. अनुस्वार नाकातून सोडायचा, 'न' जिभेने ठोकायचा नाही. शेवटचा स्वर लिस्बनकर जवळजवळ गिळतात, रिओत मात्र 'केंची' ऐकू येतं.

शब्द तसा गरीब. चहा पुल्लिंगी, पाणी स्त्रीलिंगी, दोघांनाही केंतच. अनेकवचनात फक्त एस जोडायचा. पोर्तुगालमध्ये थंडीच्या तोंडावर भाजलेले चेस्टनट विकणाऱ्यांची आरोळीच आहे, 'केंतझ ई बोअश', गरमागरम आणि छान! चेस्टनट स्त्रीलिंगी, हे 'बोअश'वरून कळतं. केंत पत्ता लागू देत नाही. भाजण्याआधी सालीला चीर द्यावी लागते, नाहीतर आत वाफ कोंडून फळ फुटतं. विक्री डझनावर, कागदाच्या पुडीतून. 11 नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, तर चेस्टनट हवेतच.

घोटाळा होतो तो माणसापाशी. उकडतंय म्हणून 'श्तो केंत' म्हणाल, तर समोरचा ताप आलाय का विचारेल, किंवा गालातल्या गालात हसेल, कारण त्यात चावट अर्थही निघतो. म्हणायचं 'तेन्यु कालोर', शब्दशः 'मला उकाडा आहे'. 'मला उकडतंय' म्हणणाऱ्या मराठी माणसाने खरं तर इथे चुकूच नये. चुकतो तो इंग्रजीवरून उड्या मारत गेल्यामुळे. जेवण तिखट असेल तरी केंत नको, 'पिकांत' म्हणा. नाहीतर वेटर ताटली निवण्याची वाट बघायला सांगेल.

न्हाणीघरात क्यूचा नळ गरम, एफचा थंड. शेजारच्या स्पेनमध्ये गरम नळावर सी असतो, आणि इंग्रजी सी नेमका थंड! भाजून घ्यायचं नसेल तर आधी बोट लावावं.

डोकं तापलं की 'काबेसा केंत'. 'कोश्ताश केंतश', म्हणजे पाठ गरम असलेला माणूस कुणाला भीत नाही, कारण मागे कुणीतरी वजनदार उभा असतो. कुणालाच हातात नको असलेलं प्रकरण म्हणजे 'बताता केंत'. यातला बटाटा आपल्याकडे कधीच रुळलाय.

ब्राझीलमध्ये जून म्हणजे हिवाळा. तिथल्या जूनच्या जत्रांत 'केंतांव' मिळतं, नावातच 'भलतं गरम'. साखर करपू न देता वितळवायची, आलं, दालचिनी, लवंग आणि पाणी घालून उकळायचं, मग उसाची दारू, कशासा. ती आधीच ओतून रटरटत ठेवली तर नशा वाफेबरोबर उडते आणि हाती आल्याचा काढा उरतो.