तीर्थनचा ट्राउट: ध्यानबिन काही नसतं

फ्लाय फिशिंगला, म्हणजे गळाला पिसांची खोटी माशी लावून मासा धरायला, निघालेल्या माणसाला कोणीतरी हमखास ऐकवतं की ही मासेमारी नव्हे, हे ध्यान आहे. मलाही हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यातल्या पॅकेजवाल्याने फोनवर तेच ऐकवलं. शांत नदी, गुडघाभर पाणी, नवशिक्यालाही मासा लागतोच. तिन्ही थापा. नदीचा आवाज असा की चार हातांवरच्या माणसालाही ओरडून सांगावं लागतं. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल टाकलं की ते मांडीभर होतं. आणि मासा लागतोच म्हणणाऱ्याने स्वतः गळ टाकलेला नसावा.

तरी मी मार्चमध्ये परत जातोय, म्हणून हे लिहितोय.

आधी पैशांचं. रॉडचं भाडं दिवसाला दीड हजार, आणि हातात आला तो असा की लाइन ओवायच्या, टोकाकडच्या दुसऱ्या कडीला बारीक चीर होती. त्या चिरेत लाइन घासून दुपारपर्यंत तिचं साल निघालं, तर संध्याकाळी लाइन खराब केल्याचे वेगळे पैसे मागितले. पाण्यात हरवलेल्या प्रत्येक माशीचा हिशेब होताच. वर 'परवाना खर्च' म्हणून एक गोल आकडा. आमच्यातल्या निवृत्त बँकवाल्या काकांनी शांतपणे पावती मागितली. पावतीवरचा आकडा आणि आमच्याकडून घेतलेला आकडा यांची गाठच पडत नव्हती. परवाना मत्स्य विभाग रोजच्या हिशेबाने देतो. तो स्वतःच्या नावाने, स्वतः काढा. रॉडही स्वतःचाच न्या, नऊ फुटी, चार किंवा पाच नंबरच्या लाइनसाठीचा. तिथल्या भाड्याच्या सामानावर माझा काडीचा भरवसा नाही.

आता ती जागा. गुशैणी गावाला फ्लाचन नदी येऊन तीर्थनला मिळते. तिथून वर, उजव्या काठाने चांगले डोह आहेत असं सांगून आम्हाला नेलं. डोह आहेत, खोटं नाही. पण तिथवर पोचायला खोलीएवढे धोंडे चढायचे, उतरायचे, आणि दोन ठिकाणी पात्र ओलांडायचं. तळाला गोल, शेवाळलेले गोटे. भाड्याच्या बुटांचे तळवे गुळगुळीत झालेले. नाशिकच्या भूलतज्ज्ञ मॅडम छातीपर्यंत गेल्या, रॉड वर धरून. वाटाड्या काठावर उभा राहून हसत होता, ते मी विसरणार नाही. फेल्टचे तळवे किंवा खिळे असलेले बूट आणि हातात काठी नसेल तर त्या बाजूला जाऊ नका. काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टेकायची, एक पाय घट्ट रुजल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही, आणि वेडर्सचा, म्हणजे पाण्यात घालायच्या छातीपर्यंतच्या विजारीचा, कमरेचा पट्टा आवळलेला हवा, नाहीतर पडल्यावर आत पाणी शिरतं. खालच्या नागिणी गावाच्या आसपास रस्त्यावरून सरळ उतरता येतं. पहिले दिवस तिथेच काढा. मासे तिथेही आहेत.

मी खाडीत गरवत मोठा झालो. शिसं बांधायचं, आमिष लावायचं, भिरकावायचं. इथे त्यातलं काहीच चालत नाही. माशी म्हणजे पिसं आणि दोरा, तिला वजन नसतं. वजन लाइनला असतं, म्हणून लाइनच फेकावी लागते. मागे झाडं असतात, त्यात माशी अडकते. म्हणून निघण्याआधी घरच्या मैदानावर रोल कास्ट शिका, त्यात लाइन मागे न नेता पुढे फिरवतात. आणि माशी पाण्यावर पडली की काम संपत नाही. तुमच्या आणि माशाच्या मधे तीन वेगवेगळ्या वेगाचे प्रवाह असतात. ते लाइनला ओढतात, माशी फरफटते, आणि ट्राउटला संशय यायला तेवढं पुरतं.

इथेच मला काय ते उमगलं. खाडीत मासा का लागला नाही ते कधी कळत नाही. इथे तो नकार देताना दिसतो. ऊन डोहावरून सरकलं होतं, काळे पोलरॉइड गॉगल डोळ्यांवर. तळातून एक सावली वर आली, माझ्या माशीखाली चार बोटांवर थांबली, तिच्याबरोबर हातभर मागे वाहत गेली, आणि वळून खाली गेली. तोंड उघडलंच नाही. मी मोठ्याने शिवी दिली. मग लीडर, म्हणजे लाइन आणि माशी यांच्यामधला पारदर्शक दोरा, बारीक केला, माशी लहान लावली, आणि अंधार पडेपर्यंत त्या एका प्राण्याच्या मागे लागलो. भूक, बिल, गारठलेले पाय, काही आठवलं नाही. याला ध्यान म्हणत असतील तर म्हणोत. मला तो पैजेचा प्रकार वाटला.

बाकीच्यांची कारणं निराळी. मॅडम म्हणाल्या, पाण्यात उभी असताना मला कोणी काही विचारत नाही. काकांना मासाच नको असतो. ते चिकनच्या दुकानातून कोंबड्याच्या मानेची पिसं मागून आणतात, रेशमी दोऱ्याने घरी माश्या बांधतात, आणि इथल्या दगडाखालचे किडे उलटून पाहतात की आपली माशी तशी दिसते का. त्यांनी बांधलेल्या एका कुरूप तपकिरी माशीवरच शेवटी मला वीतभर ब्राउन ट्राउट लागला. अंगावर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. हा मासा मूळचा इथला नाही, इंग्रजांनी 1909 मध्ये काश्मीरहून कुलूत आणला. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत म्हणून माजी आमदार दिलाराम शबाब लढले, म्हणून तो अजून इथे आहे.

जवळचं जिभी गाव, जलोडी जोत ही खिंड वगैरेही झालं. छान आहे, फोटो सगळीकडे आहेत.

जाण्याचं सांगतो. मनालीच्या बसमधून औटच्या बोगद्यात शिरायच्या आधी उतरायचं. कंडक्टरला दोनदा सांगा, आम्हाला पलीकडे नेऊन सोडलं. तिथून बंजार, आणि बंजारहून गुशैणी दहाएक किलोमीटर. ट्राउटचा हंगाम 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद. मे-जूनला बर्फाचं गढूळ पाणी, पावसाळ्यात दरडी. उरतात मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून टाका, मासा धरताना हात ओले करा, लहान असेल तर सोडा. खायचाच असेल तर टाक्यांत वाढवलेला रेनबो ट्राउट खोऱ्यात विकत मिळतो, तळून उत्तम लागतो.

मार्चला दोघांची जागा आहे. बूट आणि गॉगल स्वतःचे असतील तरच कळवा.