बाईंचा ‘कशामुळे?’

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, त्यामुळे आत्ताच्या मुलांना आमची धास्ती कळायची नाही. आठवीत आम्हाला शिकवायला आल्या त्या बाई सूत्रं पाठ करून घेण्याच्या भानगडीत पडत नसत. शब्द घ्यायचा आणि नाशकात फिरवून आणायचा, ही त्यांची तऱ्हा.

त्यातला ‘एम्बोल्डन’, म्हणजे धीट करणं, अजून डोक्यात आहे. फळ्याच्या मधोमध त्यांनी ‘बोल्ड’ लिहिलं. ‘शार्पन’मध्ये ‘एन’ मागे लागतो, ‘एनरिच’मध्ये पुढे, या पठ्ठ्याला दोन्हीकडून. ‘एनलाइटन’ त्याचाच भाऊ. मग इथे पुढच्या ‘एन’चा ‘एम’ का झाला? बाई म्हणाल्या, “त्र्यंबक म्हणा बरं.” आम्ही म्हटलं. “अनुस्वाराचा उच्चार काय केलात?” म. पुढे ब आला की ओठ मिटतातच, इंग्रजाचे असोत की आपले. परसवर्ण आम्हाला मराठीच्या तासाला कळला नव्हता, तो असा इंग्रजीच्या तासाला कळला.

अर्थ सांगायला त्यांनी पंचवटी गाठली. 1927 साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सुरू झाला, पुढारी डॉ. आंबेडकर, आणि इथली बाजू लावून धरणारे दादासाहेब गायकवाड. महाडमुळे नाशिकच्या माणसांना बळ आलं, हे वाक्य इंग्रजीत करा, असं त्या म्हणाल्या. आम्ही कर्ता-कर्म जुळवून थांबलो की लगेच विचारायच्या, “कशामुळे?” ‘एम्बोल्डन’ बहुतेक वेळा ‘बाय’ घेऊन येतो. माणूस उगाच धीट होत नाही, मागे काहीतरी घडलेलं असतं, ते वाक्यात आलंच पाहिजे. ‘बाय’ विसरलेल्या वहीवर लाल शाईत एवढंच असायचं: कशामुळे?

मग ‘एनकरेज’ काय वाईट, असं कुणीतरी विचारलं. त्यातल्या ‘करेज’मध्ये फ्रेंचांचा काळजासाठीचा शब्द आहे, म्हणाल्या. तिथे सहसा धीर देणारा असतो, पाठीवर हात ठेवणारा. ‘एम्बोल्डन’ला असा कुणी लागतोच असं नाही. राखणदार झोपतो, चोरांना धीर येतो. राखणदाराच्या मनात तसं काही नसतं. इंग्रजी पेपरात हा शब्द गुंडांच्या आणि घुसखोरांच्या बातम्यांत फार दिसतो, तो त्यामुळेच. मराठीत याला काय म्हणाल? आम्ही ‘हिंमत वाढणे’वर अडलो. शेवटच्या बाकावरून आवाज आला, “म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.” बाई खूश. सोकावणे, भीड चेपणे, शेफारणे असे शब्द मग फळ्यावर एकाखाली एक उतरले. माझ्या मते ‘भीड चेपणे’ सगळ्यात जवळचं, कारण ते बरंवाईट दोन्हीकडे चालतं: नव्या सुनेची चेपते आणि खिसेकापूचीही. नुसतं ‘प्रोत्साहन देणे’ लिहून मोकळे होणारे शब्दकोश मला तेव्हापासून आवडत नाहीत.

गोदेच्या पुराचंही एक वाक्य होतं. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेखाली उतरलं की पोरांची भीड चेपते आणि ती उड्या मारतात. त्याचं भाषांतर कुणालाच धड जमलं नाही, ते सोडा.

संगणकावर अक्षर ठळक करण्यालाही हाच शब्द वापरतात, हे मला नोकरीत कळलं. बाईंना सांगायला हवं होतं. त्यांनी तिथेही ‘कशामुळे?’ विचारलंच असतं.

शेवटी प्रत्येकाने स्वतःचं वाक्य करायचं होतं. वर्गातल्या एका मुलीने लिहिलं, ‘तास संपल्याच्या घंटेने धीर आलेल्या मुलांनी बाईंना गृहपाठ कमी करायला सांगितलं.’ बाईंनी ते मोठ्याने वाचलं, ‘बाय’ बरोबर जागी आहे म्हणून शाबासकी दिली आणि गृहपाठ दुप्पट केला.