फॉलआउट ४ मधला कॅसल मुळात कोणाचा होता?

फॉलआउट ४ म्हणजे अणुयुद्धानंतरच्या उद्ध्वस्त बॉस्टनमध्ये घडणारा व्हिडिओ गेम, आणि तो ज्याने खेळलाय त्याला त्यातला कॅसल नावाचा किल्ला माहीत नाही असं होणार नाही. वस्त्यांचं रक्षण करणाऱ्या मिनिटमेन या गटाच्या बाजूने खेळत असाल तर थोड्या वस्त्या सांभाळून झाल्या की त्यांचा प्रेस्टन गार्वी म्हणतो चला, आता आपला जुना किल्ला परत घेऊ (तोच गार्वी, ज्याच्या 'अजून एका वस्तीला मदत हवीय'वर अख्ख्या इंटरनेटने मीम्स केले), मग आपण समुद्राच्या कडेला जातो तर समोर पाच बुरुजांचा दगडी किल्ला, तट ढासळून मोठं खिंडार पडलेलं, आतल्या चौकात मिरलर्कची, म्हणजे राक्षसी खेकड्यांची, अंडीच अंडी, आणि ती फोडता फोडता पाण्यातून त्यांची राणी वर येते. कमी लेव्हलला गेलात तर संपलात. तीनटोकी टोपी, हँडल फिरवून चार्ज करायची लेझर मस्केट, वर निळा झेंडा, सगळा माहोल १७७५चा. किल्ला पण खरा आहे, बॉस्टनमधला कॅसल आयलंडवरचा फोर्ट इंडिपेंडन्स.

आता माझा मुद्दा. गेममध्ये हा किल्ला मिनिटमेनचं हेडक्वार्टर आहे आणि खऱ्या इतिहासात मिनिटमेन होते त्या काळात तो बरोब्बर त्यांच्या शत्रूकडे होता! मिनिटमेन म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या गावागावातले शेतकरी-कारागीर, हाक आली की बंदूक उचलून निघायचं अशी तयारी ठेवलेले, १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टन-काँकर्डला इंग्रजांशी भिडले आणि मग बॉस्टनला वेढा पडला. वेढा पडला तेव्हा किल्ल्यात कोण? राजाचं सैन्य. किल्ल्याचं तेव्हाचं नावही राजाचंच, कॅसल विल्यम, तिसऱ्या विल्यमच्या नावावरून.

आणि नुसता ताब्यात होता असं नाही, बॉस्टन भडकलं की राजाच्या माणसांनी जीव मुठीत धरून पळायची ती जागा होती. १७६५ मध्ये स्टँप ॲक्टचे (कागदपत्रांवर कर लावणारा इंग्रजांचा कायदा) शिक्क्याचे कागद जहाजातून आले, ते लोक जाळतील म्हणून ठेवले कुठे, कॅसल विल्यममध्ये. १७६८ ला जॉन हॅनकॉक या बॉस्टनच्या व्यापाऱ्याचं जहाज जप्त केल्यावर दंगल झाली, कस्टमचे बडे साहेब पळाले कुठे, तिथेच. १७७० ला इंग्रज सैनिकांच्या गोळीबारात पाच माणसं मेल्यावर शहरातून हलवलेल्या पलटणी, तिथेच. १७७३ च्या चहाच्या भानगडीत (तीच बॉस्टन टी पार्टी) ज्या व्यापाऱ्यांच्या नावावर तो चहा आला होता, ज्यात गव्हर्नर हचिन्सनची दोन पोरं पण होती, तेही आपले किल्ल्यावर जाऊन बसले, आणि इकडे १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या चहा पाण्यात गेला.

म्हणजे विचार करा, एवढं मटेरियल हाताशी असताना किल्ला घ्यायच्या क्वेस्टमध्ये, म्हणजे मोहिमेत, आपल्याला मिळतात खेकडे. चुरचुरीत खेकडे आहेत, मान्य, पण तरी.

फॉलआउटची टाइमलाइन आपल्या जगापासून फुटते ती दुसऱ्या महायुद्धानंतर, त्यामुळे 'ते जगच वेगळं आहे' ही पळवाट इथे चालत नाही, १७७३ त्यांचा आणि आपला एकच. बरं आज दिसतो (आणि गेममध्ये पण दिसतो) तो ग्रॅनाइटचा किल्ला वसाहतकाळातला नाहीच मुळी. १६३४ ला तिथे पहिली मातीची तटबंदी झाली, त्यावर पाडापाडी-बांधाबांधी होत होत कॅसल विल्यम झाला, तो इंग्रजांनी जाताना उद्ध्वस्त केला, मग दुरुस्ती, मग १७८५ पासून काही वर्षं चक्क राज्याचा तुरुंग, १७९० च्या दशकाच्या शेवटी इंडिपेंडन्स हे नाव, आणि आत्ताचं दगडी बांधकाम १८३४ ते १८५१. म्हणजे ज्या तटावर आपण मिनिटमेन पहाऱ्याला उभे करतो तो तट खऱ्या मिनिटमेननी कधी बघितलाच नाही.

एक गोष्ट मात्र गेमने जबरदस्त पकडलीय, आणि ती त्यांनी ठरवून केली की आपोआप झाली देव जाणे. 'ओल्ड गन्स' क्वेस्ट. रॉनी शॉ ही खमकी म्हातारी येते, तळघरातलं बंद शस्त्रागार उघडायला लावते, आत जुन्या जनरलचा सांगाडा, त्याचा युनिफॉर्म आपण निर्लज्जपणे काढून अंगात चढवतो, आणि मिळतो तो तोफ बांधायचा आराखडा. मग चौकात तोफ बांधायची, तिच्यावर माणूस नेमायचा, लांब कुठेतरी स्मोक ग्रेनेड टाकायचा आणि काही सेकंदात तिथे गोळे पडायला लागतात. तोफ नव्हती तोवर कॅसल म्हणजे नुसता भिंतींचा चौक, तोफ आली की सगळा आजूबाजूचा नकाशा आपला.

१७७६ मध्ये हेच झालं, फक्त उलट्या बाजूने. हेन्री नॉक्स नावाचा बॉस्टनचा पुस्तकविक्या, वय पंचविशीचं, तो भर हिवाळ्यात टिकॉन्डेरोगा किल्ल्यावरच्या तोफा बर्फातून, स्लेजवर लादून, बैल जुंपून बॉस्टनपर्यंत ओढत घेऊन आला. ४ मार्चच्या रात्री वॉशिंग्टनच्या लोकांनी गुपचूप डॉर्चेस्टर हाइट्स या टेकड्यांवर मोर्चे बांधून तोफा चढवल्या. सकाळी इंग्रज बघतात तर शहर आणि बंदर दोन्ही माऱ्यात. १७ मार्चला आरमार भरून निघाले, आणि बंदर सोडण्याआधी कॅसल विल्यम सुरुंग लावून उडवला, तोफा निकामी केल्या. नंतर डागडुजी करून तिथे कमांडर म्हणून बसला पॉल रिव्हिअर, तोच, १७७५ मध्ये इंग्रज सैन्य निघाल्याची बातमी घोड्यावरून देत गेलेला. गेमची स्टोरी अगदी ताणून जुळवायचीच असेल तर ती इथून पुढे जुळते. (इंग्रज गेले म्हणून १७ मार्चला त्या भागात अजून सुट्टी असते, त्याच दिवशी सेंट पॅट्रिक डे पण येतो, सोय बघा.)

तळघरातल्या सांगाड्यावरून आठवलं, खऱ्या किल्ल्याची पण एक दंतकथा आहे. १८१७ च्या नाताळात मॅसी नावाचा लेफ्टनंट ड्रेन नावाच्या लेफ्टनंटकडून द्वंद्वात मेला हे खरं, पुढे लोकांनी जोडलं की मॅसीच्या दोस्तांनी ड्रेनला दारू पाजून किल्ल्यात जिवंत चिणला. आपल्याकडे बुरुज टिकेना म्हणून बळी दिल्याच्या गोष्टी गडागडावर ऐकायला मिळतात, त्यातलीच ही. ड्रेन साहेब पुढे चांगले जगले, प्रमोशनही घेतलं. माणूस भिंतीत चिणण्याची गाजलेली भयकथा लिहिणारा एडगर ॲलन पो १८२७ मध्ये खोट्या नावाने सैन्यात भरती होऊन याच किल्ल्यावर होता, म्हणून ही गोष्ट जास्तच फेमस झाली.

आणि शत्रूचा किल्ला आपल्या माणसाच्या नावावर हा प्रकार आपल्याकडे खराखुरा झालाय बरं का. बॉस्टनच्या पाण्यात पडलेला चहा ईस्ट इंडिया कंपनीचा, त्याच कंपनीचा मुंबईतला कारभार बॉम्बे कॅसलमधून चालायचा. शहराभोवतीचा तट १८६० च्या दशकात पाडला, फोर्ट हे एरियाचं नाव तेवढं उरलं, पण कॅसलचे उरलेसुरले अवशेष आज नौदलाच्या तळात आहेत आणि त्या तळाचं नाव आहे आयएनएस आंग्रे. ज्या कान्होजी आंग्र्यांना कंपनीवाले चाचा म्हणून शिव्या घालायचे, ज्यांच्या खांदेरीवर १७१८ मध्ये इंग्रज आरमार घेऊन गेले आणि हात हलवत परत आले, त्यांचं नाव कंपनीच्याच कॅसलवर! हा गेम बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीच्या रायटरला सुद्धा असलं सुचलं नसतं.

कोणी मॉडर (गेममध्ये स्वतःची भर घालणारा) हे वाचत असेल तर फार काही नको, कॅसलच्या तळघरात एक टर्मिनल, म्हणजे जुना कॉम्प्युटर, टाका, त्यात चहावाल्या व्यापाऱ्याने किल्ल्यावरून घरी लिहिलेली रडकी पत्रं, आणि ती वाचल्यावर गार्वीला तोंडावर विचारता येईल असा एक डायलॉग ऑप्शन. उत्तरात त्याने परत वस्तीचंच नाव काढलं तरी चालेल.