तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी स्पोर्ट्स कार जशी होती तशीच ठेवायची का?

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बाजूला जुन्या जॅग्वार गाड्या दुरुस्त करतो म्हटलं की गप्पा फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात. पुण्याचे मित्र फोनवर विचारतात, इथे गाडी दाखवायला आलेले लोक विचारतात, आणि आता तुम्हीही विचारलंत: दुर्मीळ स्पोर्ट्स कार हाती आली तर ती कारखान्यातून निघाली तशी करून घ्यावी, की नवे ब्रेक, नवा गिअरबॉक्स, एसी टाकून आजच्या रस्त्याजोगी करावी?

माझं उत्तर ठाम आहे. हवं ते बसवा, पण त्यासाठी मूळ पत्रा कापू नका, आणि काढलेला एकही भाग भंगारात देऊ नका.

उदाहरण जॅग्वारच्या ई-टाइप या स्पोर्ट्स कारचंच घेतो, कारण माझा हात तिच्यावर बसलाय. मार्च १९६१ मध्ये ती जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये आली. बघायला इतकी झुंबड उडाली, की चाचणी चालक नॉर्मन ड्यूईस दुसरी गाडी घेऊन कॉव्हेंट्रीहून निघाले आणि रात्रभर चालवत सकाळी जिनिव्हाला पोचले. आकार माल्कम सेयर यांचा, मूळचे विमानांच्या कामातले. १९७४ पर्यंत ७२ हजारांहून जास्त ई-टाइप बनल्या, त्यामुळे सगळ्याच काही दुर्मीळ नाहीत. बोनेटची कुलपं बाहेरून, टी-आकाराच्या किल्लीने उघडणाऱ्या अगदी पहिल्या साधारण ५०० गाड्या मात्र खरोखर दुर्मीळ.

‘मूळ रूप’ म्हणताना कोणत्या वर्षीचं, ते आधी ठरवावं लागतं. पहिल्या गाड्यांचा तळ सपाट होता. उंच माणसाचे पाय अवघडायचे, म्हणून १९६२ च्या सुरुवातीला कंपनीनेच टाचांपाशी खोलगट जागा केली. ३.८ लिटर इंजिनाच्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर खरखर न करता अलगद पडावा म्हणून असलेली रचना) नव्हतं, गिअर टाकताना घाई चालायचीच नाही. १९६४ मध्ये ४.२ लिटरचं इंजिन आलं, त्याबरोबर चारही गिअर सिंक्रोमेशचे झाले, वीज बनवणाऱ्या जुन्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. सुधारणा कारखान्यातच चालू होत्या. तेव्हा ज्याला गाडी चालवायची आहे त्याने चांगला गिअरबॉक्स मागितला, तर मी नाक मुरडत नाही.

माझा जीव अडकतो तो पत्र्यात. सुरुवातीच्या बोनेटवरच्या हवेच्या फटी वेगळ्या तुकड्यावर काढून तो तुकडा बोनेटमध्ये वेल्डिंगने जोडलेला असायचा; नंतर त्या फटी सरळ बोनेटच्या पत्र्यातच दाबून काढू लागले. असं जुनं बोनेट उघडून आतून हातदिव्याच्या उजेडात पाहा. वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर नसतात. जोडावर शिसं ओतून ते कानशीने घासलेलं असतं, आणि रंग उडालेल्या ठिकाणी कानशीच्या तिरक्या रेघा स्पष्ट दिसतात. बोनेट त्या त्या गाडीला ठोकूनठाकून बसवलेलं असायचं, म्हणून एका गाडीचं दुसरीला नीट लागत नाही. १९६१ साली तिथे उभ्या असलेल्या कारागिराने नेमकं काय केलं, हे त्या पत्र्याशिवाय दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही.

हा पत्रा फक्त नवं काही बसवताना जातो असं नाही, ‘मूळ रूपात आणण्या’च्या नावाखालीही तो सर्रास जातो. सोड्याच्या फवाऱ्याने रंग उडवून, पॅनल बदलून, दारांच्या फटी कारखान्यात कधी नव्हत्या इतक्या बारीक करून, वर आरशासारखा रंग. स्पर्धेत बक्षीस मिळतं. गाडीचा नंबर जुना असतो आणि गाडी नवी. अशी गाडी बघताना मला मनापासून वाईट वाटतं, कारण नवा गिअरबॉक्स उद्या काढता येईल, हा गेलेला पत्रा येणार नाही.

बाजारालाही हे उशिरा का होईना कळलंय. मर्सिडीज ३०० एसएल गलविंगच्या फक्त १,४०० गाड्या बनल्या. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेत स्कॉट्सडेलच्या एकाच लिलावात अशा दोन आल्या. नव्यासारखी केलेली सुमारे १४ लाख डॉलरला गेली, धुळीने माखलेली, हात न लावलेली सुमारे १९ लाखांना! २०२४ मध्ये पेबल बीचला, कॅलिफोर्नियातल्या जुन्या गाड्यांच्या नावाजलेल्या स्पर्धेत, सर्वोत्तम गाडीचा मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाला. जुन्या, झिजलेल्या रंगासकट. तिथे जतन केलेल्या गाडीला तो मान मिळण्याची ही पहिलीच वेळ.

आता सुधारणांचं. ट्रॅफिकमध्ये ई-टाइप तापते, म्हणून ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि जोरदार पंखा मी बिनदिक्कत बसवतो. सुरुवातीच्या ३.८ चे ब्रेक ताशी १५० मैलांच्या बाता मारणाऱ्या गाडीला अपुरेच, तिथे जीवाचा प्रश्न आहे, सुधारा. पाच गिअरचा बॉक्सही घाला, फक्त मधला बोगदा, म्हणजे गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा उंचवटा, न कापता बसेल असा निवडा. एक गाडी आमच्याकडे आली होती, तिचा बोगदा कुणीतरी ग्राइंडरने कापून वर चेकर्ड प्लेट रिव्हेट केली होती. तो पत्रा परत जुळवताना कारागिराचे हाल झाले, आणि झालं तरी ते मूळ नव्हेच.

इलेक्ट्रिकबद्दल हमखास विचारतात. २०१७ मध्ये जॅग्वारनेच ई-टाइप झीरो दाखवली. मोटर आणि बॅटरी जुन्या इंजिन-गिअरबॉक्सच्या जागेत, जवळपास त्याच मापात आणि वजनात बसवल्या होत्या, म्हणजे मूळ इंजिन पुन्हा घालता येईल. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा अशा गाडीला ऐतिहासिक वाहन मानत नाही, पण करायचंच तर सगळं उलटवता येईल असं करा आणि काढलेले भाग जपा, असं सांगते. मला ते पटतं. चालू इंजिन असलेली ई-टाइप मात्र मी स्वतः इलेक्ट्रिक करणार नाही. त्या सहा सिलिंडरांचा आवाज गेला की अर्धी गाडी गेली.

कॅलिफोर्नियाची सिंगर कंपनी पोर्शे ९११ च्या ९६४ पिढीच्या गाड्या कार्बन फायबरने नव्याने घडवते, त्याला माझी हरकत नाही. त्या पिढीच्या गाड्या साठ हजारांहून जास्त बनल्या. दुर्मीळ गाडीला तोच न्याय लावता येत नाही.

महाराष्ट्रात गाडी असलेल्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये लागतात. अट अशी, की चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. तेव्हा गॅरेजमध्ये गाडी सोडण्याआधी प्रत्येक जोडाचे, प्रत्येक नंबरचे फोटो काढा. चॅसी आणि इंजिनाचा नंबर कागदांशी ताडून पाहा. जॅग्वार असेल तर तिच्या हेरिटेज ट्रस्टकडून प्रमाणपत्र मागवा, त्यात मूळ रंग आणि नंबर येतात. आणि मेकॅनिकला पहिल्याच दिवशी बजावा, की निघालेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून तुमच्याच ताब्यात यायला हवा, गंजका बोल्टसुद्धा.