लाह्यांसारखी करकर

मे महिन्यातली दुपार, लगीनसराई ऐन भरात. परळीकडच्या एका खेड्यातला अकरा वर्षांचा मुलगा आजोबांसोबत दवाखान्यात आला. उजवा गाल कानाच्या पाळीपर्यंत टम्म फुगलेला. "लेकराला तिसऱ्यांदा गालफुगी झाली साहेब," आजोबा म्हणाले. आधी दुसरीकडे दोनदा अँटिबायोटिक देऊन झालं होतं.

गालफुगी आपल्याकडे नवी नाही. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, गालफुगीची नाही. पण ती एकदा येऊन गेली की सहसा पुन्हा येत नाही. म्हणून 'तिसऱ्यांदा' ऐकलं आणि मी सावध झालो. लाळेच्या नळीत खडा? क्षय? काही वर्षांपूर्वी एका मुलीचे दोन्ही गाल असेच, पण न दुखता, महिनोन्महिने सुजलेले होते. रक्त तपासलं तर एचआयव्ही निघाला. ती मुलगी अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

याला ताप नव्हता. कानापुढे बोटं दाबली आणि हात तिथंच थांबला. कातडीखाली करकर लागत होती, नागपंचमीच्या लाह्या मुठीत दाबाव्यात तशी. टॉर्च घेऊन तोंडात पाहिलं. वरच्या दाढांसमोर गालाच्या आतल्या बाजूला लाळेच्या नळीचं बारीक तोंड असतं. बाहेरून गाल कानाकडून पुढे हळूहळू चोळला, तर तिथून पू आला नाही, फेस आला. पांढरे बुडबुडे. ग्रंथीत हवा शिरली होती!

"बाळा, फुगे फुगवतोस का रे?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. आजोबाच म्हणाले, "सनई शिकतोय की माझ्यापाशी."

सनईचा सूर तुटू द्यायचा नसेल तर गालात हवा धरून नाकानं श्वास घ्यावा लागतो. तो दाब वाढला की हवा नळीतून उलटी ग्रंथीत जाते. सोनोग्राफीतही हवाच दिसली.

औषध फारसं नव्हतंच. भरपूर पाणी, गालाला मालिश आणि काही आठवडे फुंकणं बंद. पुढे वाजवताना गाल फुगू न देता आवळून धरायचे. हे सारखं होत राहिलं तर ग्रंथीत पू होतो, हवा मानेपर्यंतही उतरू शकते, हेही स्पष्ट सांगितलं.

आजोबांचा चेहरा पडला. "चार पिढ्यांची सनई हाय साहेब. आत्ता कुठं हात बसत होता त्याचा."

"बाबा, फुंकू नका म्हणालो. बोटं फिरवायला कोण नको म्हणतंय?"

पोरानं पिशवीतून सनई काढली, मांडीवर धरली आणि बाकावर बसल्या बसल्या त्याची बोटं भोकांवरून आवाज न करता फिरू लागली. आजोबा मान डोलावत होते.