कागदाच्या पट्ट्यांचा ब्रिजिड क्रॉस

आयर्लंडच्या शाळेतली कागदकला म्हणजे मार्चमधला सेंट पॅट्रिक्स डे आणि शॅमरॉकची हिरवी पानं, असंच मी धरून चालले होते. बदामाच्या आकाराचे तीन तुकडे कापायचे, खाली देठ चिकटवायचा, संपलं. यंदा जानेवारीअखेर मुलाच्या टीचरने विचारलं, "फर्स्ट क्लासला ब्रिजिड क्रॉस करायचेत, मदतीला याल?" शाळेतल्या मदतीसाठी लागणारं गार्डा व्हेटिंग, म्हणजे इथल्या पोलिसांकडची पडताळणी, माझं आधीच झालं होतं, आणि लहानपणी कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागदाच्या भरपूर चटया विणलेल्या. हो म्हटलं.

१ फेब्रुवारी हा आयर्लंडची संत सेंट ब्रिजिड हिचा दिवस. इथल्या जुन्या गणतीने वसंत त्या दिवशी सुरू होतो. २०२३ पासून त्यानिमित्त सार्वजनिक सुट्टीही मिळते, बहुतेक वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी. आम्ही राहतो त्या किल्डेअरमध्ये तर ब्रिजिड घरचीच, तिचा मठ इथलाच. गोष्ट अशी सांगतात की, मरणाला टेकलेल्या एका सरदाराच्या उशाशी बसून तिने जमिनीवर पसरलेलं लव्हाळं उचललं आणि विणता विणता त्याला क्रॉसचा अर्थ सांगितला. तेव्हापासून घर आगीपासून आणि रोगराईपासून राखायला हा क्रॉस दारावर किंवा गोठ्यात लावतात. १९६१च्या शेवटच्या दिवशी सुरू झालेल्या आयरिश दूरचित्रवाणीचं बोधचिन्हही हाच क्रॉस होता.

खरा क्रॉस लव्हाळ्याचा: मधे विणलेला चौकोन आणि त्यातून निघालेले चार हात. पण सहा-सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात ओलं, चिखल लागलेलं लव्हाळं कोण आणणार? म्हणून कागद. आणि अडचण तिथेच आहे. लव्हाळं आतून भुसभुशीत असतं, दाबलं की एकमेकांना धरून बसतं. कागद गुळगुळीत, तो सटकतो. कार्डशीट घेतलं तर घडीवर तडकतं आणि मधला चौकोन फुगतो. साधा प्रिंटरचा कागद ढिला पडतो. शेवटी त्याहून जरा जाड, खरखरीत रंगीत कागद निवडला आणि ए-४च्या लांब बाजूने १ सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या शाळेच्या कटरवर कापून घेतल्या. एका क्रॉसला १६ पुरतात, म्हणजे प्रत्येक हाताला साधारण चार. घड्या मात्र मुलांनाच घालू दिल्या. नखाने घडी दाबायला त्यांना फार आवडतं.

कृती सांगायला सोपी. एक पट्टी सरळ उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून तिच्या पोटात उभी पट्टी घ्यायची, दोन्ही टोकं उजवीकडे. आता अख्खा क्रॉस पाव वळसा डावीकडे फिरवायचा, म्हणजे ती टोकं वर येतात. पुढची दुमडलेली पट्टी वर आलेल्या सगळ्या पट्ट्यांवरून घालायची, टोकं पुन्हा उजवीकडे. मधला भाग चिमटीत धरून ओढायचं. परत पाव वळसा. बस, एवढंच शेवटपर्यंत.

मुलं अडतात ती फिरवण्यापाशी. क्रॉस फिरवण्याऐवजी हात फिरवतात, नाहीतर स्वतःच बाकाभोवती फिरतात! मग बाकाच्या उजव्या कडेला लाल टेप लावली: नवीन पट्टीची टोकं कायम लाल टेपकडे. शिवाय जोड्या केल्या, एकाने मध्य चिमटीत धरायचा, दुसऱ्याने पट्टी घालायची. टीचरने "टर्न, फोल्ड, पुल" असा घोष सुरू केला आणि वर्गाला लय सापडली. डावखुऱ्या मुलांना टेप डावीकडे लावून दिली आणि वळसा उजवीकडे. त्यांचे क्रॉस आरशातल्यासारखे उलटे झाले, पण पक्के.

गोंदाची कांडी शेवटपर्यंत कपाटातच ठेवावी असं माझं ठाम मत आहे. मधेच चिकटवलं की पट्टी सरकत नाही, आणि सरकली नाही तर वीण घट्ट होत नाही. चारही टोकं लोकरीने बांधून झाली की बांधल्या जागी आत एक ठिपका गोंद, मग कात्रीने टोकं सारखी करायची. हात कमी-जास्त लांबीचे होतातच, कारण प्रत्येक नवी पट्टी आधीपेक्षा जाड गठ्ठ्याला वळसा घालते.

पूर्ण क्रॉस पाहिल्यावर मला आधी दिसलं ते स्वस्तिक: तेच एका दिशेला सरकलेले हात. युरोपातल्या वर्गात ते मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं, घरी येऊन नवऱ्याला बोलले.

छापील साचा रंगवून कापायचा पर्यायही टीचरकडे होता, तासाभराचं काम वीस मिनिटांत झालं असतं. मला तो पटला नाही. रंगवलेल्या क्रॉसमध्ये वीणच नसते, आणि सरदाराच्या उशाशी बसून ब्रिजिडने केलं ते विणणंच. पुढच्या वर्षी मोठ्या वर्गांना लव्हाळंच द्यायचं ठरतंय. ते कापायचं नसतं, उपटायचं असतं, असं इथले जुने लोक सांगतात. ओल्या शेतात उतरायला गमबूट असलेले पालक शोधणं चालू आहे.