ऱ्या आणि राखीव शब्द

गुरुवार, रात्र

प्रोग्राममध्ये व्हेरिएबलला, म्हणजे माहिती साठवायच्या जागेला, नाव देताना राखीव शब्दांची, म्हणजे भाषेने स्वतःसाठी ठेवलेल्या शब्दांची, जेवढी धास्ती घेतली जाते, तेवढी घ्यायचं कारण नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ते मोजून ३५. इफ, फॉर, क्लास, लॅम्डा यांतला एखादा नाव म्हणून लिहिला तर सिंटॅक्स एरर (कोडच्या मांडणीतली चूक) येते आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. क्लासच्या शेवटी अंडरस्कोर जोडला की भागलं. यादी हवी तर पायथनसोबत येणाऱ्या कीवर्ड (राखीव शब्द) मॉड्यूलमधली केडब्ल्यूलिस्ट छापून बघावी.

खरा घात करतात ती राखीव नसलेली तयार नावं: लिस्ट, सम, मॅक्स. गुणांच्या यादीला लिस्ट नाव दिलं तर पायथन हूं की चूं करत नाही. पुढे चाळीस ओळींनी रेंजची लिस्ट करायला जावं, तर 'लिस्ट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल', कारण लिस्ट हे आता तयार फंक्शनचं नाव राहिलेलं नसून गुणांच्या यादीचं झालेलं असतं. चूक एकीकडे, बोंब दुसरीकडे! शिकणारा त्या खालच्या ओळीतच डोकं घालून बसतो. कोड तुकड्यातुकड्याने चालवायच्या नोटबुकमध्ये तर वरचं नाव बदलूनही एरर जात नाही, कारण जुनं नाव मेमरीत तसंच असतं. तिथे ते नाव पुसणारं डेल लिस्ट चालवायचं, नाहीतर कर्नल (मागे कोड चालवणारा भाग) रीस्टार्ट करायचा.

२०१८ साली पायथनच्या ३.७ आवृत्तीत एसिंक आणि अवेट राखीव झाले आणि एसिंक नावाचा पॅरामीटर असलेला चालता कोड मोडला. ३.१० मध्ये मॅच आणि केस आले ते मात्र आपल्या जागेपुरतेच कीवर्ड. एरवी नाव म्हणून खुशाल वापरा. हे फार बरं केलं.

आपल्यासाठी मोलाची गोष्ट म्हणजे पायथन ३ मध्ये एकूण_गुण हे नाव सरळ चालतं. काना, मात्रा, जोडाक्षरं, सगळं. अडतं ते दुसऱ्या_चाचणीत. हा 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह, ज्याचा कोड यू+२००डी) आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पायथन पहिला घेतो, दुसऱ्याला 'इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर' म्हणून नाकारतो. जावास्क्रिप्ट ही दुसरी भाषा दोन्ही घेते, पण दोन वेगळी नावं म्हणून, आणि मग डोळ्यांसमोर लिहिलेलं व्हेरिएबल 'नॉट डिफाइन्ड' ठरतं. हे जास्त वाईट. अशा वेळी एडिटरमध्ये यू+२००डी शोधून काढून टाकावा आणि त्या जागी नुक्त्याचा ऱ लिहावा; नुसता काढला तर 'आचार्य'मधला रफार उरतो.